रक्तातलं शिसं

ती बाई दोन महिन्यांत तिसऱ्यांदा पोट धरून दवाखान्यात आली, आणि या खेपेला डॉक्टरांनी चिठ्ठीवर रक्त तपासायला लिहून दिलं. म्हणून ती माझ्याकडे आली. नाहीतर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

कुंभकोणमच्या त्या खाजगी दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी रक्त, लघवी, थुंकी तपासायची. तंजावरला एक वर्षाचा कोर्स करून आले होते. वय तेवीस. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. खोलीत एक टेबल, एक मोरी, रंगांच्या बाटल्या आणि एका डोळ्याने बघायचा मायक्रोस्कोप. त्याला दिवा नव्हता. खाली छोटा आरसा होता, तो खिडकीकडे वळवून उजेड धरावा लागे. ढगाळ दिवशी मी चिडचिडी असे, असं नर्स म्हणायची.

त्या दिवशी ऊन चांगलं होतं. बाईच्या बोटाला टोचताना तिचा हात नीट पाहिला. नखांच्या कडांना राखाडी रंग बसला होता आणि साडीवर मांडीच्या जागी बारीक बारीक भोकं होती, जळल्यासारखी. हिमोग्लोबिन फार कमी निघालं. त्यात नवल काही नव्हतं, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचं तसंच असे. मग मी रक्ताची स्लाईड रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली, तर तांबड्या पेशींत निळे ठिपके. सगळ्या पेशींत नव्हते, पण स्लाईड सरकवली की दर वेळी दोन-तीन तरी सापडत. कोणी टाक झटकून शाई शिंपडावी तसे.

पहिला संशय माझा माझ्यावरच आला. रंग जुना असेल, पाणी अशुद्ध असेल, माझाच हात चुकला असेल. रंग गाळून घेतला, पाणी बदललं. स्वतःच्या बोटाला टोचून माझी एक स्लाईड केली, तिची दुसरी केली, आणि दोन्ही एकाच वेळी, एकाच बाटलीतून रंगवल्या. माझी स्वच्छ निघाली. तिच्या पेशींत ठिपके तसेच होते. मग कोर्सचं पुस्तक काढलं. चित्र होतं त्यात, खाली तीन-चार कारणं दिली होती. त्यांतलं एक होतं शिसं.

डॉक्टर साठीला आलेले, भले आणि कायम घाईत. ते म्हणाले, रंगाचा गाळ असेल. मी दोन्ही स्लाईड त्यांच्यापुढे ठेवल्या आणि कोणती कोणाची ते सांगितलं. ते उठून माझ्या खोलीत आले, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ही बाई काम काय करते?"

रजिस्टरात लिहिलं होतं 'कूली'. आमच्या रजिस्टरात भात लावणारी, विटा वाहणारी, लग्नघरी भांडी घासणारी सगळीच कूली होती. कोणी कधी पुढे विचारलं नव्हतं. मीही नाही.

ती अजून बाहेरच्या बाकावर बसून होती. मी जाऊन विचारलं.

"बॅटऱ्या फोडते, अक्का," ती म्हणाली. "लॉरीच्या, बसच्या. जुन्या झालेल्या. आत शिसं असतं ना, ते काढून आम्ही वितळवायला देतो."

डॉक्टरांनी तिला पुन्हा आत घेतलं आणि वरचा ओठ उचलून पाहिला. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेने, पेन्सिलीने ओढावी तशी निळसर काळी रेघ होती. तीनदा त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं होतं, हिरडी पाहायचं सुचलं नव्हतं. हे त्यांनी स्वतःच माझ्यापाशी बोलून दाखवलं, आणि त्या दिवसापासून मला ते थोडे अधिक मानाने वागवू लागले. तिचं रक्त मद्रासला पाठवलं. तिथून उत्तर आलं तेव्हा शंकेला जागा उरली नाही. तंजावरच्या इस्पितळात तिला काही दिवस ठेवून सलाईनमधून औषध दिलं. ती परत आली तेव्हा तोंडावर जरा तजेला होता. डॉक्टरांनी बजावलं, ते काम सोड. तिने मान हलवली, गरिबाला कोणी रोज दूध पी म्हणून सांगावं आणि त्याने हलवावी तशी. नवरा कुठल्याशा गिरणीत कामाला म्हणून गेला होता तो परतला नव्हता. म्हातारी आई होती, दोन वर्षांची मुलगी होती.

दीड महिन्याने ती पुन्हा आली. पोटात तोच पीळ. या वेळी काखेत मुलगी होती. मुलगी पांढरीफटक, किरकिरी, भिंतीची माती उकरून खाते, आधी दोन शब्द बोलायची तेही बोलत नाही. आईला वाटत होतं जंत झालेत. मी मुलीच्या इवल्याशा बोटाला टोचलं. ती रडली, पण जोर लावून रडलीसुद्धा नाही.

तिच्याही पेशींत निळे ठिपके होते.

मी बाहेर येऊन आईला सांगितलं की मुलीच्या रक्तातही शिसं असावं, तू बॅटऱ्या फोडतेस त्या शेडमध्ये तिला घेऊन जाऊ नकोस.

"ती कधी शेडमध्ये आलीच नाही, अक्का," ती म्हणाली. "दिवसभर माझ्या आईपाशी असते. मी घरी गेले की तेवढी माझ्या मांडीवर येते."

तिने आपल्या मांडीकडे पाहिलं, राखाडी धूळ बसलेल्या त्या साडीकडे, आणि मुलीला उचलून बाजूला बाकावर ठेवलं. मुलगी पुन्हा तिच्याकडे सरकायला लागली. तिने एका हाताने तिला तिथेच धरून ठेवलं.

तो हात मी पाहिला, आणि येत्या रविवारी त्या शेडवर जायचं असं तिथल्या तिथे ठरवलं.

घरी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते पसंत पडलं नाही. आमचं घर मराठी. घरातली मराठी दोन-तीनशे वर्षांपूर्वी पूर्वजांनी आणली तशीच, मध्ये तमिळ शब्द भरलेले. पुढे पुण्याची माणसं भेटली तेव्हा ती ऐकून हसायची. उंबऱ्याबाहेर मात्र सगळा व्यवहार तमिळमध्ये. अण्णा तर जन्मभर शाळेत तमिळच शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "रक्त पाहून कागद द्यायचा, इतकं तुझं काम. त्या शेडीस जायास तुजला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, कोणी नाही. रविवारी सकाळी मी निघाले तेव्हा त्यांनी पेपरमधून मान वर केली नाही.

टाऊन बसने तिरुवलंचुळी गावाच्या अलीकडे उतरले. रस्त्यापासून आत, केळीच्या बागांमधून वाट होती. कालव्याच्या कडेला माडाच्या झावळ्यांचं छप्पर. लांबूनच ठोकण्याचा आवाज आला आणि घशात आंबूस काहीतरी अडकलं. एका बाजूला पुरुष कुऱ्हाडीने बॅटऱ्यांची टोपणं उडवत होते आणि आतलं ॲसिड सरळ जमिनीवर ओतत होते. तिथे गवताचं पातं नव्हतं. मधल्या भागात आठ-नऊ बायका उकिडव्या बसून आतल्या पट्ट्या एकमेकींवर आपटत, खरवडत आणि पडलेली पूड चाळणीने चाळत होत्या, घरी पीठ चाळावं तशी. पूड उडत होती. टोकाला लाकडांवर मोठी लोखंडी कढई होती, तिच्यात शिसं वितळत होतं, आणि वारा वळला की तो धूर बायकांवर येई. त्यांचे डबे त्याच छपराखाली बांबूला टांगलेले होते.

तोंडाला पदर सगळ्यांनी बांधला होता. पोट सगळ्यांचंच दुखत होतं. त्याला त्या 'सूड' म्हणत, म्हणजे अंगातली उष्णता. शिशापाशी बसलं की सूड चढणारच, त्यावर ताक प्यायचं, मेथी भिजवून खायची. दोघींची मुलं पोटातच गेली होती. तेही सूडच.

मालक कढईजवळच खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीचा, अंगात सदरा, शांत बोलणारा. सगळे त्याला मुदलाळी म्हणत, म्हणजे शेठ. मी कोण ते सांगितल्यावर त्याने मला बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की शिशाची धूळ पोटात जाते हे त्याला माहीत आहे, त्याच्यावर तो उपाय करतो. छपराच्या खांबाला केळ्यांचा घड लटकत होता. दर सकाळी एक घड तो स्वतः आणतो, प्रत्येकाला दोन केळी. केळ्याला चिकटून धूळ खाली जाते.

तो हे खोटं बोलत नव्हता. तेवढ्यात एक बाई उठली, चाळणी खाली ठेवली, त्याच हाताने केळं सोललं आणि उभ्या उभ्या खाल्लं. तिचे हात कोपरापर्यंत राखाडी होते. मी मालकाला म्हटलं, "मुदलाळी, केळं धूळ खाली नेत नाहीये, पोटात घालतंय. तुम्हीच हाताने आणून देताय."

त्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, वीस वर्षं मी इथे या खुर्चीवर बसतो, मला काय झालंय? मी पिशवीतून सुई आणि स्लाईड काढल्या. बायकांचं रक्त घ्यायला आणल्या होत्या. त्याने पाहिलं आणि डावा हात पुढे केला. "आधी माझं घ्या. काही नाही निघालं तर परत इकडे यायचं नाही."

मी कबूल केलं. सुई टोचण्याआधी मात्र मला एक खटकलं होतं. चहाचा पेला त्याने डाव्या हाताने धरला होता, विडीही डाव्याच हाताने. शिशाने मनगट लुळं पडतं, असं पुस्तकात वाचलं होतं. मी म्हटलं, दोन्ही हात असे समोर ताठ धरा, तळवे खाली. त्याने धरले. डावा सरळ राहिला. उजवा मनगटात खाली वाकला, कोंबडीची मान पडावी तसा. त्याने तो उचलायचा प्रयत्न केला. उचलला नाही. चाळणीचा आवाज थांबला होता. सगळ्या बायका बघत होत्या.

"झोपेत दबला असेल म्हणून सहा महिने तेल चोळतोय," तो म्हणाला.

त्या दिवशी मी त्याचं आणि सहा बायकांचं रक्त घेतलं. बाकीच्यांना सुईची भीती वाटली. सोमवारी सकाळी सातही स्लाईड डॉक्टरांना दाखवल्या. ठिपके सगळ्यांत होते, सर्वांत जास्त मुदलाळीच्या रक्तात. निकाल घ्यायला तो स्वतः आला आणि माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. मायक्रोस्कोपमधून बघू का, असं त्याने विचारलं. मी आरसा उजेडाला लावून दिला. त्याने बघितलं आणि विचारलं की त्या बाईच्या मुलीचंही असंच दिसतं का. मी हो म्हटलं.

"शेड बंद करू?"

मी यावर आधीच विचार केला होता, कारण बंद केली तर काय होईल ते मला त्या बाईनेच सांगितलं होतं. दुसऱ्या शेडमध्ये जाईन, म्हणाली होती, नाहीतर बॅटऱ्या घरी आणून परसात फोडीन, काहीजणी तेच करतात. मी म्हटलं, बंद करू नका, मी सांगते तसं बदला.

बदल बोलायला सोपे होते. डॉक्टरांनी आणि मी मिळून पुस्तकं पाहून यादी केली होती. पूड कोरडी चाळायची नाही, आधी पाणी शिंपडायचं. ॲसिड जमिनीवर न ओतता हौदात, आणि त्यात चुना. कढई छपराबाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, वर पत्र्याचं धुराडं. डबे आणि केळी शेडबाहेर वेगळ्या मांडवात, आणि साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय तिथे पाय ठेवायचा नाही. कामाचे कपडे शेडवरच सोडून घरी जायचं. मुदलाळीने महिन्याभरात पंप बसवला, हौद बांधला, कढई हलवली. रबरी हातमोजेही आणले. ते मात्र फुकट गेले, ओल्या मोज्यातून पट्ट्या निसटायच्या, दोन दिवसांत सगळ्यांनी काढून टाकले. हाताला धूळ लागते ती धुता येते, असं मी शेवटी कबूल केलं.

कपड्यांचं मात्र जमेना. मी दर रविवारी जायची, दर रविवारी बायका हो म्हणायच्या आणि त्याच साडीत घरी जायच्या. मी एकदा चिडून बोलले. मुलांच्या जिवाशी खेळता, असंही म्हटलं. तेव्हा ती बाई, जिच्यापासून हे सुरू झालं, मला बाजूला घेऊन गेली.

"अक्का, बदलायची कुठे? इथे सगळे गडी. आणि बदलायला दुसरी साडी हवी ना?"

मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल. पुस्तकं पाहून केलेल्या यादीत दाराची एक खोली नव्हती.

त्या आठवड्यात मी आमच्या ओळखीच्या मराठी घरांत फिरले. म्हाताऱ्या बायका अजून नऊवारी नेसत, प्रत्येकीच्या ट्रंकेत विरलेली सुती लुगडी असत. दारासुरमला एका विणकराच्या घरीही गेले, माझ्या मैत्रिणीचं सासर ते. लुगडं मधोमध फाडलं की कामाला नेसायला दोन तुकडे होत. गठ्ठा घेऊन घरी आले तेव्हा अण्णा ओसरीवर होते. त्यांनी विचारलं, हे कशास? मी सांगितलं, मुलीचंही सांगितलं, जे तोवर सांगितलं नव्हतं. ते उठून आत गेले आणि आईचं एक लुगडं घेऊन आले. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. "हे घट्ट आहे," म्हणाले, "लवकर फाटणार नाही."

पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर बसमध्ये चढले. मुदलाळीने झावळ्यांची भिंत घालून पाण्याजवळ आडोसा केला होता, आतून कडी लागणारं दार होतं. अण्णांनी पत्र्याच्या पाटीवर तमिळमध्ये चार ओळी लिहिल्या, शाळेत फळ्यावर लिहीत तशा गोल, मोठ्या अक्षरांत: आधी पाणी शिंपडा, हात धुऊन खा, साडी इथेच सोडा, पोट दुखलं तर सांगा. निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं. अण्णांनी ते तीन वेळा मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर्गात म्हणवून घ्यावं तसं सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. बायका हसल्या, पण म्हणाल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पावसाळ्यात पाणी शिंपडायचा कंटाळा यायचा, उन्हाळ्यात पंप बंद पडायचा, नवी माणसं जुन्यांना हसायची. मी तीन महिन्यांनी एकदा सगळ्यांचं रक्त पाहायची, आणि ज्याच्यात ठिपके वाढले त्याला मुदलाळी बॅटऱ्या उतरवण्याच्या कामाला लावायचा. हे दहाएक वर्षं चाललं. मुदलाळीचं मनगट औषधाने निम्मं सुधारलं, सदऱ्याची बटणं मात्र त्याला नंतरही बायको लावून द्यायची. त्या बाईची मुलगी पुन्हा बोलायला लागली, उशिरा. शाळेत गेली. तिला आकडे लक्षात राहत नाहीत, एका जागी बसवत नाही, हे मास्तर सांगायचे. ते शिशामुळे की काय, कोण सांगणार. तिची आई मला कधी विचारायची नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. मुलगी पुढे दारासुरमला रेशमाचे ताणे लावायला शिकली आणि त्यात तिचा हात चांगला बसला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा कालव्यापलीकडे आणखी एक शेड उभी राहिली. नवीन मालक, नवीन बायका, आणि पुन्हा कोरडी चाळणी. एका दुपारी ती बाई दवाखान्यात आली. केस पिकले होते, मुदलाळीने शेडची देखरेख तिच्याकडे दिली होती. ती म्हणाली, तिकडे जायला हवं. मी म्हटलं रविवारी जाऊ. ती म्हणाली, आज का नको?

मी डॉक्टरांना सांगून निघाले. नव्या शेडवर पोहोचलो तर मालक जागेवर नव्हता. मी म्हटलं थांबू, आधी त्याच्याशी बोलू. ती थांबली नाही. सरळ चाळणाऱ्या बायकांमध्ये जाऊन उकिडवी बसली आणि त्यांतल्या सर्वांत तरुण मुलीला विचारलं, "घरी लहान मूल आहे का तुझं?"

मुलीने हो म्हटलं.

"मग ती चाळणी खाली ठेव," ती म्हणाली. "सांगते तुला."